रकाना नसलेला धूर

"विडी, सिगारेट?"

"न्हाई गं बाई."

"तंबाखू? मिश्री?"

"मिश्री लावती की. सकाळची."

टेबलापलीकडच्या मुलीने मिश्रीपुढे खूण केली आणि पान उलटलं. थोरली काकू माझ्याकडे बघून हसली. पेपर सोपा गेला असं तिला वाटलं असावं. तिला दम लागतो म्हणून गावाहून शहरात आणलं होतं. जिना चढताना मध्ये थांबते, रात्री उशीला टेकून बसते, थंडीत खोकल्याची उबळ आली की डोळ्यांतून पाणी येईस्तोवर थांबत नाही. मी त्या मुलीला म्हटलं, "यांनी सगळा जन्म चुलीवर स्वयंपाक केलाय, ते लिहा ना कुठेतरी." तिने फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला, अगदी मनापासून पाहिला, आणि म्हणाली, "त्याला रकाना नाहीये, मॅडम." तिचा काही दोष नव्हता. फॉर्म तिने छापलेला नव्हता.

मग फुंकायची तपासणी. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, समोर पडद्यावर उमटणारी रेघ. "आजी, छाती भरून श्वास घ्या आणि फुंका! फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून..." काकूने फुंकलं. संथ, लांब, एकसारखं. मुलगी म्हणाली, "असं नाही, सगळं एकदम बाहेर टाकायचं." पुन्हा तेच. यंत्राला पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली ते हवं असतं, आणि काकूला फुंकणीने जाळ धरता येतो, त्याला नेमका उलटा हात लागतो. तिसऱ्या वेळी नळी तोंडातून काढून ती म्हणाली, "एकदम फुकलं की राख उडती, पोरी." मुलगी हसली, मीही हसले. शेवटी कशीबशी रेघ निघाली. ती जिथे झपकन वर जायला हवी तिथे वाकून, रेंगाळत गेली होती. पहिल्या सेकंदाचा वाटा एकूण हवेच्या सत्तर टक्क्यांच्या बराच खाली. डॉक्टरांनी श्वासनळ्या अरुंद झाल्याचं सांगितलं, पंप लिहून दिला, वाफ घ्यायला सांगितली आणि शेवटी, सवयीने, "धूम्रपान टाळा" असंही म्हणाले.

रकाना नाही, हे वाक्य मात्र डोक्यातून जाईना.

माणदेशातलं आमचं घर धाब्याचं होतं. स्वयंपाकघर सगळ्यात आत, अंधारं, छताला एक झरोका. सुट्टीत आम्ही मुलं गेलो की पहाटे अंथरुणातून उठून थेट चुलीपाशी जाऊन बसायचो, कारण त्या घरात ऊब तेवढी तिथेच असे. बसलं की धूर डोक्यावरून जायचा, खाली हवा बरी असायची. उभं राहिलं की डोळ्यांत जाळ. त्यामुळे त्या खोलीत कुणी उभं राहत नसे, सगळे वाकून ये-जा करत. सरपण म्हणजे बाभळीच्या काट्या, तुराट्या, आणि पावसाळ्यात शेणी. ओल्या शेणीचा धूर पिवळट, जड, घशाला चिकटणारा. काकू एका हाताने भाकरी थापायची, दुसऱ्या हाताने लाकूड आत सारायची, मध्येच गुडघ्यावर ओणवी होऊन फुंकणीने जाळ धरायची. फुंकून झालं की मान वळवून श्वास घ्यायची, आणि तो कुठून घ्यायची? तिथूनच. मांडीवर बहुतेक वेळा कुणाचं तरी तान्हं पोर असायचं. रडणारं मूल गप्प करायला चुलीजवळची ऊब चांगली, असं सगळ्या बायका मानत, आणि मूल गप्प होतही असे.

हे लिहिताना मला त्या धुराचा राग येत नाही, ही माझी अडचण आहे. काकूच्या लुगड्याला तो वास असायचा आणि त्या वासात आम्ही झोपायचो. धुराचे उपयोगही होते. बियाण्यासाठी राखलेली कणसं चुलीच्या वर टांगलेली असत, त्यांना कीड लागत नसे. वरच्या तुळया काळ्या, चकचकीत झालेल्या, त्यांना वाळवी शिवत नसे. डास कमी. जे तुळयांवर बसत होतं ते आणखी कुठे बसत असेल, हा विचार त्या घरात कुणाच्या मनात आल्याचं मला आठवत नाही. बायका खोकायच्या, आणि बायकांचं खोकणं हा घरातल्या आवाजांपैकीच एक आवाज होता.

विचार आला होता, पण दिल्लीत. १९५०च्या दशकात लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. एस. पद्मावती हृदयविकाराचे रुग्ण तपासत होत्या. फुप्फुसं निकामी होत गेल्यामुळे हृदयाची उजवी बाजू थकते, असा एक आजार. पुस्तकांप्रमाणे तो सिगारेट ओढणाऱ्या, खाणीत-कारखान्यात काम करणाऱ्या पुरुषांचा. पद्मावतींच्या समोर बायका येत होत्या, आणि त्यांना तो पुरुषांपेक्षा दहा-पंधरा वर्षं आधी गाठत होता. त्या ना विडी ओढत, ना खाणीत जात. पद्मावतींनी बोट दाखवलं ते शेणी आणि लाकडाच्या धुराकडे. १९५९ मध्ये त्यांचा १२७ रुग्णांवरचा निबंध अमेरिकेतल्या 'सर्क्युलेशन' या मोठ्या नियतकालिकात छापून आला. त्यानंतर वीसेक वर्षं या गोष्टीची फारशी चर्चा झाली नाही. हवेचं प्रदूषण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लंडनचं धुकं आणि गिरण्यांची धुराडी येत. माणमधली चूल कशाला येईल?

मग १९८१ मध्ये कर्क स्मिथ नावाचा अमेरिकन संशोधक गुजरातमधल्या चार खेड्यांत गेला. तेव्हा तो होनोलुलूच्या ईस्ट-वेस्ट सेंटरमध्ये ऊर्जेच्या प्रश्नांवर काम करत होता, पुढे बर्कलीला प्राध्यापक झाला. त्याने आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी केलं ते ऐकायला अगदी साधं आहे. खाणीतल्या कामगारांसाठी वापरतात तसला छोटा पंप स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर चढवला आणि गाळणी त्यांच्या नाकाच्या जवळपास लावली. म्हणजे हवा मोजायची ती चौकातली नाही, छपरावरची नाही, ती बाई श्वास घेते तिथली. आकडा आला घनमीटरला सुमारे सात मिलिग्रॅम, म्हणजे सात हजार मायक्रोग्रॅम. त्या काळी जाडे-बारीक सगळे कण एकत्र मोजत, आणि हा आकडा स्वयंपाकाच्या वेळेपुरता होता, हे खरं. तरीही आज आपल्याकडे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी दिवसभराची मर्यादा शंभर मायक्रोग्रॅमची आहे, हे शेजारी ठेवून पाहिलं की पोटात गोळा येतो. १९८३ मध्ये हे छापून आलं आणि त्यातून एक नवीन अभ्यासक्षेत्रच सुरू झालं.

मला त्या गाळणीचं फार वाटतं. अशा संशोधनात मोठी अक्कल कशात असते, तर यंत्र कुठे लावायचं यात. पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'सफर' यंत्रणा उभी केली, तेव्हापासून शहराची हवा आज बरी की वाईट हे आपण मोबाइलवर पाहतो, सकाळी फिरायला जावं की नाही ते ठरवतो. चांगलंच आहे. पण हवा मोजणारं केंद्र एका जागी उभं असतं आणि माणूस दिवसभर हिंडतो, बसतो, झोपतो, फोडणी घालतो, डासांची कॉइल लावतो. एका कॉइलचा धूर बारीक कणांच्या हिशेबात शंभरेक सिगारेटींच्या बरोबरीला जातो, हे पुण्याचेच डॉ. संदीप साळवी वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. त्यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. विषय हाच, आयुष्यात धूम्रपान न केलेल्यांचा सीओपीडी, श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा आजार. म्हणजे काकूचा. तो लेख वाचताना मला तिचा फॉर्म पुन्हा आठवला. लेख छापून इतकी वर्षं झाली, लेखक याच शहरातला, आणि रकाना अजून आलेला नाही. ज्ञान छापून येतं आणि फॉर्म छापखान्यातून येतो, दोघांची गाठ पडायला बहुधा वेगळाच मुहूर्त लागतो.

स्मिथने एक हिशेब मांडला होता, तो मला सगळ्यात जास्त पटला. धूर किती निघाला यापेक्षा त्यातला किती कुणाच्या छातीत गेला हे बघा. उंच चिमणीतून सुटलेला धूर पसरतो, विरतो, वाऱ्यावर जातो. घरात सुटलेला धूर माणसाच्या श्वासात जाण्याची शक्यता बाहेर सोडलेल्या धुराच्या हजारपटीच्या घरात. चूल कारखान्यापुढे काहीच नाही, हे टनांच्या हिशेबात बरोबर आहे. श्वासांच्या हिशेबात नाही. आणि चुलीचा धूर घरात थांबतही नाही. २०१९ मध्ये त्याने दिल्लीतल्या आणि इतर संशोधकांबरोबर दाखवून दिलं की घरांतलं लाकूड-शेण जाळणं पूर्ण थांबलं, तर दुसरं काहीही न करता भारताची बाहेरची सरासरी हवा राष्ट्रीय मर्यादेच्या, म्हणजे पीएम २.५च्या (अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांच्या) वार्षिक चाळीस मायक्रोग्रॅमच्या आत येऊ शकते. आपण गाड्या आणि फटाक्यांवर भांडत असतो, त्यावर भांडायलाही हवंच, पण या वादात स्वयंपाकघराचं नाव कुणी काढत नाही.

मध्यंतरी साताऱ्याहून येताना महामार्गावर जेवायला थांबलो. बाहेर फलक, 'चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी'. आता हे फलक इतके झालेत की चुलीवरच्या मिसळीपासून चुलीवरच्या चहापर्यंत काहीही मिळतं, आइस्क्रीम तेवढं राहिलंय. गिऱ्हाइकांना दिसावं म्हणून चुली दर्शनी भागात मांडलेल्या, नऊवारी नेसलेल्या दोघीजणी भाकऱ्या थापत होत्या, लोक त्यांचे फोटो काढत होते. भाकरी उत्तम होती, मी दोन खाल्ल्या. थापणाऱ्या दोघींतली एक मध्येच उठून मागच्या बाजूला गेली आणि पदर तोंडावर धरून बराच वेळ खोकत राहिली. तिच्या त्या खोकल्याची लय माझ्या ओळखीची होती. गावातून चूल जावी म्हणून योजना, आणि शहरातल्यांच्या जिभेसाठी तीच चूल महामार्गावर पगारी. ह्यात कुणाला नावं ठेवावीत कळत नाही. त्या दोघींना महिन्याला रोख मिळत होती.

चूल सुधारायचे प्रयत्न काही थोडेथोडके झाले नाहीत. निर्धूर चूल आमच्याही गावात आली होती. १९८०च्या दशकात केंद्र सरकारने देशभर राबवलेल्या सुधारित चुलींच्या कार्यक्रमातली, मागे सिमेंटचा पाइप असलेली. एका उन्हाळ्यात पाइप तडकला, मग तिच्यावर हंडा ठेवायला लागले. २००२ मध्ये तो कार्यक्रम गुंडाळला. पुण्याच्या आरती या संस्थेने त्यानंतरही चिकाटीने काम केलं, त्यांच्या 'लक्ष्मी' आणि 'भाग्यलक्ष्मी' या चुली पुण्याच्या आसपासच्या घरांत मोजून पाहिल्या गेल्या, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाच्या लेखकांत स्मिथचंही नाव आहे. धूर कमी झाला होता. स्वच्छ म्हणावा इतका मात्र नाही. खेड्यातल्या स्वयंपाकघरात परवडतील अशी मोजणीयंत्रं त्याच्या गटाने घरगुती धूरसूचक भोंग्यात फेरफार करून बनवली होती. परदेशात छताला लावतात, पोळी करपली की बोंबलतो, तो भोंगा.

त्याचा सगळ्यात मोठा प्रयोग ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातला. पाचशे चौतीस घरं, प्रत्येकात गरोदर बाई किंवा तान्हं मूल. चिठ्ठ्या टाकून निम्म्या घरांना चिमणीची चूल, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. २००२ ते २००४ या काळात आठवड्याला माणसं घरोघर जाऊन मुलांचा श्वास बघत होती. निकाल २०११ मध्ये आला. डॉक्टरांनी निदान केलेल्या न्यूमोनियात बावीस टक्के घट, पण आकडेशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणता येईना. गंभीर न्यूमोनिया मात्र सुमारे एक तृतीयांशाने कमी, आणि ते ठामपणे. ज्या माणसाने आयुष्याची उमेद चुलींत घातली त्याला हे वाचून काय वाटलं असेल? मला वाटतं त्याची दिशा त्याआधीच वळायला लागली होती. २००२ मध्येच त्याने 'सायन्स' या नियतकालिकात पेट्रोलियमची बाजू घेणारं एक टिपण लिहिलं. हवामानबदलावर काम करणाऱ्या माणसाने असं लिहिणं म्हणजे आपल्याच गोटात दगड मारणं. त्याचं म्हणणं असं की गरिबांनी स्वयंपाकापुरता गॅस वापरला तर पृथ्वी बुडत नाही, ती श्रीमंतांच्या गाड्यांनी बुडते. मग त्या बायकांनाच सेंद्रिय राहायची सक्ती कशाला? पुढे भारताच्या आरोग्य मंत्रालयाने वायुप्रदूषणावर नेमलेल्या समितीत तो होता, आणि १ मे २०१६ रोजी बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली तेव्हा तिचा तो जाहीर समर्थक होता. हाताशी आहे त्याला स्वच्छ करत बसण्यापेक्षा स्वच्छ आहे ते हाताशी आणा, असा त्याचा धोशा असे.

पुढचं वाचून मात्र मी थोडी हिरमुसले. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा मिळून बत्तीसशे गरोदर बायकांवर आणखी मोठा प्रयोग झाला. भारतातली बाजू चेन्नईच्या श्रीरामचंद्र संस्थेतल्या कल्पना बालकृष्णन यांच्याकडे होती. निम्म्या घरांना दीड वर्षं फुकट गॅस. बायकांनी तो खरोखर वापरला. गॅस न मिळालेल्यांच्या श्वासातले बारीक कण घनमीटरला सत्तर मायक्रोग्रॅमच्या आसपास होते, यांचे चोवीसच्या आसपास. एवढं करून बाळांच्या जन्मवजनात फरक पडला वीसेक ग्रॅमचा, म्हणजे न पडल्यासारखाच. २०२४ मध्ये न्यूमोनियाचा निकाल आला, तोही तसाच. स्मिथ हे बघायला नव्हता. तो जून २०२० मध्ये गेला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षी, पद्मावती कोविडने गेल्या.

यावरून 'बघा, चुलीचं उगाच स्तोम' असं म्हणणारे भेटतील. मला तसं वाटत नाही. गरोदरपण सुरू झाल्यावर चालू झालेला गॅस त्या बाईच्या मागच्या पंचवीस वर्षांचा धूर परत काढून घेत नाही. काकूच्या श्वासनळ्या नऊ महिन्यांत अरुंद झालेल्या नाहीत, तर तान्ह्याच्या वजनाकडे बघून तिच्या छातीचा निवाडा कसा करणार? पण म्हणून तो निकाल लपवून ठेवावा असंही नाही. प्रामाणिकपणे मोजणाऱ्याला कधीकधी नको ते उत्तर मिळतं, आणि ते छापावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे झालेले मृत्यू ३२ लाख धरते. हा आकडा कुणाच्याही मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलेला नसतो. तिथे न्यूमोनिया, हृदयविकार, पक्षाघात, असंच असतं.

एक आलेख आहे, तो मी वहिनीला दाखवला. वहिनी म्हणजे काकूची सून, आता ते स्वयंपाकघर तिचं. सिगारेट, दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर, शहराची हवा आणि चूल, हे सगळं एकाच रेषेवर मांडून स्मिथ आणि इतरांनी तो काढला. धूर वाढतो तशी हृदयविकाराच्या धोक्याची रेष सुरुवातीला ताठ चढते आणि पुढे आडवी पडत जाते. म्हणजे भरपूर धुरातून अर्धा धूर केला तर हृदयाला फारसा आराम मिळत नाही, खरा फायदा अगदी तळाशी, धूर जवळजवळ संपतो तिथे. वहिनीच्या घरात गॅस आहे. चहा, आमटी, भाजी गॅसवर. भाकरी चुलीवर, अंघोळीचं पाणी चुलीवर. मी म्हटलं, "बघ, अर्धं बंद करून चालत नाही म्हणतात."

वहिनी तुराट्या मोडत होती. म्हणाली, "आलेख काढणाऱ्यानं सिलिंडर कधी भरून आणलाय का? इथनं वडूजला गाडी करावी लागती. आठ माणसांच्या भाकऱ्या गॅसवर केल्या तर तीन महिन्यांचा सिलिंडर महिन्यात उडल. आन् तुराट्या फुकट पडल्यात रानात." मग थोडं थांबून म्हणाली, "पाण्याचं बगू. सोलरचं इचारलंय ह्यांनी. पाणी तिकडं गेलं तर भाकरी गॅसवर आणता येतीय का ते हिशेब करून सांगते."

काकू उंबऱ्यात पंप तोंडाला लावून बसली होती. पंप काढून म्हणाली, "गॅसवरची कर, पर जरा मोठ्या जाळावर. माझी भाकरी कच्ची नको."